लग्न लावून दिल्याने प्रश्न सुटत नाही

हा विषय कुटुंबाच्या पानावर कशाला, असे काही वाचकांना वाटेल. आई-वडील, सुना, शाळकरी मुले सारेच हे पान वाचतात. मग तृतीयपंथी आणि समलिंगी माणसांविषयी इथे लिहायचे का? माझे उत्तर असे की, लिहायचे तर इथेच लिहायला पाहिजे. ही माणसे आभाळातून पडत नाहीत. ती आपल्यासारख्याच घरात जन्मतात, वस्तीतल्या अंगणवाडीत जातात, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत लेझीम खेळतात, आणि पंधरा-सोळा वर्षांची झाली की घरातल्यांचे त्यांच्याशी बोलणे हळूहळू बंद होते. पुढे काय होते ते आपल्याला ठाऊक असते. त्यावर आपण बोलत नाही, एवढेच.

बल्लारशावरून नागपूरकडे जाणाऱ्या गाडीत टाळ्या वाजवत येणारे तृतीयपंथी आपण पाहतो. कोणी दहाची नोट काढतो, कोणी खिडकीबाहेर पाहू लागतो. लहान मूल काही विचारायला लागले की आई त्याला गप्प करते. पण हे माणूस या डब्यात येण्यापूर्वी कोणत्या गावचे, कोणत्या घरचे होते, ते घर त्याने सोडले की त्याला सोडायला लावले, हा प्रश्न आपल्या मनात येत नाही.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू या. मूल जन्मले की अंगावरून सुईण किंवा नर्स सांगते, मुलगा की मुलगी. बहुतेकांचे मन त्या सांगण्याशी जुळते, काहींचे जुळत नाही. मुलगा म्हणून वाढवलेल्या मुलाला आतून आपण मुलगी आहोत असे वाटते, किंवा याच्या उलट. अशांना तृतीयपंथी किंवा पारलिंगी म्हणतात. काही थोड्या मुलांच्या बाबतीत शरीरावरूनच काय ते नक्की सांगता येत नाही, तो आणखी वेगळा प्रकार. हिजडा किंवा किन्नर म्हणून ज्यांना आपण ओळखतो त्यांची गुरू-चेल्याची, घराण्यांची जुनी परंपरा आहे. पण प्रत्येक तृतीयपंथी त्या परंपरेत जातोच असे नाही. समलिंगी ही गोष्टच निराळी. समलिंगी पुरुष चारचौघांसारखा पुरुषच असतो, शर्ट-पँट घालतो, खाणीत पाळी करतो, कबड्डी खेळतो. फक्त त्याचे मन पुरुषाकडे ओढ घेते. अशीच बाईकडे ओढ असणारी बाईही असते. काहींना दोहोंविषयी ओढ वाटते. हे सारे एकाच पोत्यात घालून आपण त्यावर ‘बायल्या’, ‘छक्का’ असले शिक्के मारतो. ज्या समाजाने नावापुढे लागलेल्या शिक्क्यांचे दुःख पिढ्यान्पिढ्या सोसले, त्याने तरी शब्द जपून वापरावेत.

दंडारीतली टाळी आणि घरातले मौन

आपल्या झाडीपट्टीची एक गंमत पाहा. धान कापून झाले, दिवाळी उरकली की शंकरपट भरतात आणि रात्रभर नाटके चालतात. वडसा म्हणजे देसाईगंज हे या नाटक कंपन्यांचे मुख्य ठाणे. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा झाडीपट्टी रंगभूमीचे नाव सगळीकडे झाले. आज नाटकात बायांच्या भूमिका बायाच करतात. पण दंडार आणि खडी गंमत या आपल्या जुन्या प्रकारांत लुगडे नेसून, पायात घुंगरू बांधून पुरुषच नाचत आले. गावाने त्यांना डोक्यावर घेतले, नोटा लावल्या, पुढच्या वर्षीचे आमंत्रण आधी दिले.

बाईच्या वेषात नाचणारा प्रत्येक कलावंत तृतीयपंथी असतो असे कोणी समजू नये. बहुतेक जण घरी बायको-लेकरे असलेले, सकाळी बांधीत चिखल तुडवणारे शेतमजूर. कला ती कला. पण एखादा असाही असतो की, लुगडे नेसल्यावरच त्याला आपण आपण आहोत असे वाटते. रात्री मंडपात त्याला टाळ्या पडतात. सकाळी तोच जरा लाडिक बोलला की पानठेल्यावर त्याची टवाळी सुरू होते. मराठी चित्रपटांनीही वर्षानुवर्षे नाच्याला हसण्यापुरतेच ठेवले. त्याच्या पोटात काय असते हे ‘नटरंग’ने २०१० साली काही प्रमाणात दाखवले, पण तिथला नायकही तृतीयपंथी नव्हता, लोकांनी त्याला तसे समजून छळले, एवढ्यावरच ती कथा उभी आहे. नुसत्या संशयावर एवढा छळ होतो, तर जो खरोखरच तसा आहे त्याचे काय होत असेल?

गेली काही वर्षे मी समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्याचे कागदोपत्री काम पाहतो. नाव, शिक्षण, नोकरी, उंची, अपेक्षा, असे रकाने भरून घ्यायचे. फॉर्म बहुधा बाप भरतो किंवा मोठा भाऊ. मुलगा बाजूला उभा राहून मोबाइल पाहत असतो. त्यात एखाद्या वेळी बाप हळूच सांगतो, “पोट्टा जरा लाजाळू आहे साहेब. लगन लावून दिले का सुधरून जाते.”

हे ‘सुधरून जाते’ किती महाग पडते त्याचे एक प्रकरण सांगतो. नाव-गाव सांगत नाही. वैनगंगेच्या काठचे गाव, बी.ए. झालेला मुलगा, राईस मिलमध्ये हिशोब लिहायचा. दंडारीत बाईची भूमिका करायचा आणि फार चांगली करायचा. चोविसाव्या वर्षी त्याचे लग्न झाले. मुलगी दुसऱ्या तालुक्यातली, बारावी शिकलेली. बापाने लग्नासाठी अर्धा एकर धानाची बांधी विकली. दीड वर्ष गेले. मुलगी कोणापाशी काही बोलली नाही. एक दिवस माहेरी गेली ती परत आली नाही. मग विहारात बैठक बसली. बैठकीचा सूर ठरलेलाच होता. मुलीला नांदायचे नाही, तिचे दुसरीकडे लक्ष आहे, तिला मूल होत नाही. मुलगी खाली मान घालून बसली होती. शेवटी मुलगाच उभा राहिला आणि म्हणाला, “तिची कायची चूक नाही. मी आईले लगनाच्या आधीच सांगतलो होतो.” आईने पदर तोंडाला लावला. त्यानंतर बराच वेळ कोणाला काही सुचले नाही.

फारकत झाली. मुलीच्या बापाला भांडीकुंडी परत मिळाली. पण ‘सोडलेली’ हा शब्द काही कोणी परत घेत नाही. मुलगा नागपूरला निघून गेला. विकलेली बांधीही परत आली नाही. या प्रकरणात दोषी कोण हे मी सांगत बसत नाही. एवढेच म्हणतो की, त्या मुलाने लग्नाआधी आईला सांगितले तेव्हा त्याचे ऐकले असते तर दोन घरे वाचली असती. मुलाचे दुःख सगळे जण बोलतात. मला त्या मुलीचे दुःख जास्त वाटते, कारण तिला तर कोणी काही विचारलेच नव्हते.

रोग नाही, मग औषध कशाचे?

ऐकून न घेणारे घर मग दोन वाटा धरते. एक वाट बाबा-मांत्रिकाकडे, दुसरी दवाखान्याकडे. अंगात वारे आहे, बाईची सावली पडली आहे असे सांगून धूर देणे, मारणे, उपाशी ठेवणे, असले प्रकार आपल्या भागात होत आले. आपल्या राज्यात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे, मग ते भूत कोणतेही असो.

दवाखान्याचे म्हणाल तर, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली समलिंगी असणे हे आजारांच्या यादीतून काढून टाकले. भारतातील मानसोपचार तज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ साली हा आजार नाही असे जाहीर केले. ‘बदलून देतो’ म्हणून शॉक किंवा औषधे देणे हे डॉक्टरच्या व्यवसायातील गैरवर्तन आहे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली ठरवले. म्हणजे कोणी पैसे घेऊन असा इलाज करीत असेल तर तो फसवणूक करतो आहे. मात्र घरच्या छळामुळे मुलगा झोपत नाही, जेवत नाही, जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलतो, अशा वेळी मानसोपचार तज्ज्ञाकडे जरूर जावे. तो इलाज त्या दुःखावरचा असतो. सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा फोन क्रमांक १४४१६ आहे, त्यासाठी पैसे पडत नाहीत.

बाबासाहेबांनी चालवलेला एक खटला

आता एक अशी गोष्ट सांगतो की जी आपल्यातल्या पुष्कळांना माहीत नाही. मुंबईत प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे नावाचे गृहस्थ होते. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव. संततिनियमनाचा उघड प्रचार केला म्हणून १९२५ साली त्यांची कॉलेजातली नोकरी गेली. १९२७ च्या जुलैत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता आणि डिसेंबरात मनुस्मृती जाळली गेली. कर्व्यांच्या मासिकात कामजीवनाविषयी वाचक प्रश्न विचारत आणि कर्वे त्यांची साधी, शास्त्रीय उत्तरे देत. सनातन्यांना ते कसे खपावे? १९३१ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि दंड झाला. १९३४ साली पुन्हा खटला झाला. या वेळी निमित्त होते वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांचे, आणि त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांविषयीचे प्रश्नही होते.

या दुसऱ्या खटल्यात कर्व्यांचे वकीलपत्र घेऊन न्यायालयात उभे राहिले ते बॅरिस्टर भीमराव आंबेडकर.

दिवस कोणते होते ते लक्षात घ्या. गोलमेज परिषदा आणि पुणे करार होऊन फार काळ लोटला नव्हता. सनातनी वर्तमानपत्रे बाबासाहेबांवर तुटून पडायची संधीच शोधत होती. अशा वेळी असल्या ‘घाणेरड्या’ विषयाचे वकीलपत्र घेऊ नका, चळवळीला बट्टा लागेल, असे सांगणारे हितचिंतक आजच्या काळात तर नक्कीच भेटले असते. बाबासाहेबांनी ते घेतले. कामविषयक लिखाण केवळ त्या विषयाचे आहे म्हणून अश्लील ठरत नाही, लोक प्रश्न विचारतात तर जाणकाराने उत्तर दिलेच पाहिजे, आणि अज्ञान ज्ञानानेच जाते, अशी त्यांची मांडणी होती. हॅवलॉक एलिस या इंग्रज शास्त्रज्ञाच्या अभ्यासाचा आधारही त्यांनी घेतला. खटला ते हरले. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. कर्व्यांनी मात्र १९५३ साली मृत्यू येईपर्यंत मासिक चालवले.

आपण बाबासाहेबांचे जिंकलेले लढे पाठ करतो. हा हरलेला खटलाही पाठ केला पाहिजे. ‘हे पाश्चात्त्यांचे फॅड आहे, आपल्या चळवळीचा याच्याशी काय संबंध’ असे विहाराच्या पायरीवर बसून म्हणणाऱ्याला १९३४ हे साल सांगावे.

धम्माचे काय म्हणणे आहे, असेही विचारले जाते. यात लपवाछपवी नको. विनयपिटकात ‘पंडक’ म्हणजे तृतीयपंथी म्हणता येईल अशा व्यक्तीला भिक्खू होण्याची मनाई आहे, हे खरे आहे. पण त्याच विनयात कर्जदाराला, राजाच्या चाकरीतल्या सैनिकाला, पळून आलेल्या दासालाही मनाई आहे. संघ चालवण्याच्या सोयीचे ते नियम होते. कर्जबाजारी शेतकरी माणूस म्हणून हीन आहे असा त्याचा अर्थ आपण काढत नाही, तर दुसऱ्याच्या बाबतीत का काढावा? विनयातच अशीही नोंद आहे की, एका भिक्खूचे शरीर पालटून स्त्रीचे झाले, तेव्हा तथागतांनी त्याला हाकलले नाही. तीच उपसंपदा आणि तेवढीच वर्षे धरून भिक्खुणी संघात राहण्याची अनुमती दिली. धम्मपदाच्या अट्ठकथेत सोरेय्य नावाच्या श्रेष्ठिपुत्राची कथा येते. महाकच्चायन थेरांविषयी मनात वावगा विचार आला म्हणून तो स्त्री झाला, पुढे पुन्हा पुरुष झाला, आणि शेवटी अर्हत झाला. बापही झालेला आणि आईही झालेला माणूस! यातला चमत्कार आपण मानत नाही. पण जुन्या काळच्या उपासकांना अशा माणसाची कथा सांगायला लाज वाटत नव्हती, हे मात्र त्यातून दिसते. राहिले पंचशील. तिसरे शील कामातील मिथ्याचार टाळायला सांगते. मुलाचे मन माहीत असताना, ते लपवून दुसऱ्याची मुलगी घरात आणणे, यात मिथ्याचार किती आणि चौथ्या शीलातले खोटे बोलणे किती, याचा हिशोब ज्याचा त्याने करावा.

कायदा कुठवर आला

इंग्रजांनी १८६० साली भारतीय दंड विधान केले. त्यातल्या कलम ३७७ ने निसर्गक्रमाविरुद्धचा संबंध हा गुन्हा ठरवला, शिक्षा जन्मठेपेपर्यंत. शिक्षा फारशी कोणाला झाली नाही, पण धाक दाखवून पैसे उकळायला कलम पुरेसे होते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने भटक्या-विमुक्तांचे काय हाल केले ते आपण जाणतो. त्याच कायद्याच्या दुसऱ्या भागात तृतीयपंथीयांची नोंदवही ठेवण्याची आणि त्यांनी बाईच्या वेषात उघड्यावर दिसणे, नाचणे यासाठी शिक्षा करण्याची तरतूद होती. पारध्यांची आणि यांची हजेरी एकाच कायद्याने घेतली, हे आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत यायला हवे होते.

२ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांना कलम ३७७ मधून वगळले. त्या निकालपत्रात न्यायमूर्तींनी आधार घेतला तो बाबासाहेबांच्या संविधान सभेतील ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणाचा. संवैधानिक नीती ही आपोआप येत नाही, ती जोपासावी लागते, असे त्यांनी तिथे सांगितले होते. बहुसंख्य लोकांना एखादी गोष्ट आवडत नाही एवढ्यावरून ती गुन्हा ठरत नाही. कसोटी लोकांच्या आवडीनिवडीची नसून संविधानाची, असा त्याचा अर्थ. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की, सज्ञान व्यक्तींचे संमतीचे संबंध हा गुन्हा नाही. १ जुलै २०२४ पासून दंड विधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात ३७७ सारखे कलम नाही.

लग्नाचा हक्क मात्र मिळाला नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्याचे नाकारले आणि तो विषय संसदेचा असल्याचे म्हटले. समारंभ कोणी केला तर त्याला बंदी नाही. नागपुरात २०२१ सालच्या शेवटी दोन तरुणींनी नातेवाइकांच्या साक्षीने साखरपुडा केला तेव्हा तो वर्तमानपत्रांत गाजला होता. पण वारस म्हणून नाव, फॅमिली पेन्शन यासाठी अजून कायद्याचा आधार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या अर्थ खात्याने एवढे स्पष्ट केले की, अशा जोडीदारांना बँकेत संयुक्त खाते उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला हरकत नाही. कारकुनाच्या नजरेला हे लहान पाऊल वाटत नाही. कागदावर नाव आले की माणूस दिसू लागतो.

तृतीयपंथीयांचा निकाल १५ एप्रिल २०१४ चा. आपण कोण हे ठरवण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे आणि शासनाने त्यांना सामाजिक व शैक्षणिक मागास समजून सवलती द्याव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. पुढे २०१९ साली कायदा झाला, २०२० साली नियम आले आणि जिल्हाधिकाऱ्यांमार्फत ओळख प्रमाणपत्र देण्याची पद्धत सुरू झाली. अर्ज करण्यापूर्वी कागदपत्रांची ताजी यादी समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्यावी, कारण नियम बदलत असतात. सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या वर पडते. एका सहीसाठी दोनदा यावे लागले तर मजुराचा आठवडा जातो. आणि प्रमाणपत्र हातात आले तरी शाळेचा दाखला, आधार, जातीचा दाखला या सगळ्यांवर एकच नाव येईपर्यंत चपला झिजतात. जातवैधतेच्या वेळी वडिलांकडचे कागद लागतात, आणि घराबाहेर काढलेल्या लेकराला ते कागद कोण देणार? म्हणून घर सुटले तरी कागद अडवू नका, एवढी विनंती मी प्रत्येक आई-बापाला करतो.

पोलीस भरतीचे उदाहरण घ्या. गडचिरोलीत पहाटे रस्त्यावर पळणारी मुले-मुली पाहिली म्हणजे ही भरती आपल्या भागाला काय आहे ते कळते. त्या अर्जात पुरुष आणि स्त्री एवढेच रकाने होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये राज्याच्या प्रशासकीय न्यायाधिकरणाने, म्हणजे मॅटने, तृतीयपंथीयांसाठी वेगळा पर्याय ठेवायला सांगितले. सरकार त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेले. डिसेंबरात उच्च न्यायालयानेही पर्याय ठेवा आणि शारीरिक चाचणीचे नियम करा, असेच बजावले.

आरक्षणाचा मुद्दा आपल्या समाजाने विशेष समजून घ्यावा. तृतीयपंथीयांना एखाद्या मागास प्रवर्गात टाकले तर अनुसूचित जातीच्या तृतीयपंथीला कोंडीत पकडल्यासारखे होते, कारण एकच प्रवर्ग निवडता येतो. एक तर जात सोडा, नाही तर आपली ओळख सोडा. यावर उपाय समांतर आरक्षणाचा. महिलांना ३० टक्के, खेळाडूंना ५ टक्के, प्रकल्पग्रस्तांना ५ टक्के जागा प्रत्येक प्रवर्गाच्या आत मिळतात, तशा यांनाही द्याव्यात. बिंदूनामावली सांभाळणाऱ्या कोणत्याही कारकुनाला यात अवघड काही वाटणार नाही. कर्नाटकाने २०२१ साली अशा १ टक्का जागा ठेवल्या. तामिळनाडूतील दलित तृतीयपंथी कार्यकर्त्या ग्रेस बानू यांनी ही मागणी देशभर नेली. ही आपल्याच लढ्याची पुढची पायरी आहे, परक्यांची मागणी नव्हे.

माणसे पुढे आली

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ‘इतर’ या रकान्यात सुमारे ४१ हजार माणसे नोंदली गेली. शिरगणतीला आलेल्या गुरुजींना घरच्या कर्त्याने जेवढे सांगितले तेवढीच ही संख्या, हे ध्यानात ठेवावे. समलिंगी माणसांची तर मोजदादच नाही. पण नोंदीबाहेरची ही माणसे आता सार्वजनिक जीवनात दिसू लागली आहेत. सोलापूर जिल्ह्यातील तरंगफळ गावाने २०१७ साली ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी व्यक्तीला सरपंच केले. जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुकच्या अंजली पाटील यांचा अर्ज महिलांच्या जागेवर चालणार नाही म्हणून फेटाळला गेला. औरंगाबाद खंडपीठाने तो मंजूर करायला लावला आणि जानेवारी २०२१ मध्ये त्या निवडूनही आल्या. कवयित्री दिशा पिंकी शेख २०१९ साली वंचित बहुजन आघाडीच्या प्रवक्त्या झाल्या, तर याच पक्षाने २०२४ च्या विधानसभेला रावेरमधून शमिभा पाटील यांना उमेदवारी दिली. मतभेद पक्षांशी असू शकतात. पण आंबेडकरी व्यासपीठावरून एक तृतीयपंथी माणूस समाजाच्या वतीने बोलतो, ही साधी गोष्ट नाही.

संस्था म्हणाल तर मुंबईत अशोक राव कवी यांनी १९९४ साली ‘हमसफर ट्रस्ट’ काढला, पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी ‘समपथिक’. आपल्याला जवळचे नागपूर. तिथे ‘सारथी ट्रस्ट’ या विषयावर काम करते. गावाकडून आलेल्या पोराला तिथे निदान त्याच्यासारखी चार माणसे भेटतात. गुरूच्या डेऱ्यातही आधार मिळतो, आजारपणात भाकर मिळते. पण तिथले नियम आणि कमाईतला गुरूचा वाटा यांचाही जाच असू शकतो. लेकराला तिथे जावे लागते ते बहुतेक वेळा घराचे दार बंद झाल्यामुळे.

मुलींचे दुःख आणखी दडलेले आहे. तृतीयपंथी निदान दिसतो. एखाद्या मुलीला मुलगा नको, मैत्रीणच हवी असे वाटत असेल तर ते कोणाच्या लक्षातही येत नाही. दोन मुली एका ताटात जेवल्या, एका खाटेवर झोपल्या तर घराला त्यात काही वावगे दिसत नाही. पण लग्नाला नाही म्हटले की तिची पुस्तके, फोन, बाहेर जाणे सगळे बंद. विजय तेंडुलकरांनी १९८१ साली ‘मित्राची गोष्ट’ या नाटकात अशी मुलगी मराठी रंगभूमीवर आणली, तेव्हा प्रेक्षक बिचकले होते. आपल्या महिला मंडळांत हुंडा, दारू, सासुरवास यांवर मोकळेपणी बोलणे होते. तिथेच एखाद्या दुपारी या विषयावरही बोलता येईल. सज्ञान मुलीला कोंडून ठेवणे, तिचे जबरदस्तीने लग्न लावणे बेकायदेशीर आहे. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या माणसांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, हेही तिथे सांगावे.

आमच्या मेळाव्यात आता एक बदल केला आहे. फॉर्म बापाने आणला तरी नोंदणी करण्यापूर्वी मुलाशी किंवा मुलीशी पाच मिनिटे एकट्याने बोलायचे; मुलाशी समितीतला पुरुष बोलतो, मुलीशी महिला मंडळाच्या बाई. प्रश्न एकच असतो, लग्न तुला स्वतःला करायचे आहे का? बरेच जण हसून हो म्हणतात. काही म्हणतात, शिक्षण पुरे होऊ द्या. एखादा काहीच बोलत नाही. त्याचा फॉर्म आम्ही बाजूला ठेवतो आणि त्याच्या वडिलांना पुढच्या रविवारी चहाला या म्हणतो. कोणी रागावून फॉर्म परत घेऊन जातो. एक वडील, डब्ल्यूसीएलमधून निवृत्त झालेले, आले, दोन तास बसले, कर्व्यांच्या खटल्याची गोष्ट दोनदा विचारून घेतली आणि मुलाचा फॉर्म घडी करून शर्टाच्या खिशात ठेवून गेले.